दाराखालची फट

आंघोळ झाली होती. ढब्बीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि मी तिच्या एकेका घडीतलं पाणी टिपत होते. मानेखाली, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत. बाळसं असं की एक घडी उलगडली की आत दुसरी सापडते. कान पुसायला म्हणून पाळी दुमडली आणि तिच्या मागे, जिथे साबणाचं बोट पोचत नाही तिथे, एक रेघ दिसली. बारीक, फिकट हिरवी. मला आधी वाटलं, शीर आहे. गोरी कातडी, पातळ कातडी, दिसतात शिरा. मी बोट फिरवलं तर शीर बोटावर आली. मी उठून खिडकीपाशी गेले, उजेडात बोट धरलं. पिठासारखं मऊ काहीतरी होतं. दोन बोटांत चोळलं तेव्हा मात्र किंचित कचकच लागली. ढब्बी माझ्याकडे बघून हसत होती, कारण मी उठले की तिला वाटतं आपण कुठेतरी निघालो. हा हिरवा रंग हॉलच्या खिडकीचा होता. मला तो आता ओळखीचा झाला होता, एखाद्या नकोशा शेजाऱ्याचा आवाज ओळखीचा होतो तसा. पण हॉल आणि ही खोली यांच्या मध्ये बंद दार होतं, दाराच्या वरच्या कडेला आणि बिजागरीच्या बाजूने मी स्वतः चिकटपट्टी लावली होती, खालच्या फटीत ओला टॉवेल ठासला होता. घरात रंगकाम सुरू झाल्यापासून ढब्बी या खोलीतून बाहेर गेली होती ती फक्त माझ्या कडेवर, डोक्यावरून ओढणी घेऊन, जिन्यापर्यंत. मग हे इथे आलं कसं? आणि कानामागे आलं, तर कानामागेच थांबलं असेल का?

काम मीच मागून घेतलं होतं, हे आधी सांगितलेलं बरं, कारण त्यानंतर माझ्या बोलण्याला कुठे वजनच राहिलं नाही. हॉलच्या भिंतीला ओल होती. पहिल्यांदा ती तळहाताएवढी होती, मग परातीएवढी झाली, मग तिच्यावर काळे ठिपके आले, आणि ढब्बीला जो खोकला लागला तो जाईना. मी घरमालकांच्या मागे लागले. त्यांना आम्ही काका म्हणतो. ते म्हणायला लावतात. भला माणूस, जिना चढून आले की आधी ढब्बीच्या गालाला हात लावणार, मग पायातली चप्पल काढणार. मी प्रत्येक वेळी त्यांना भिंतीपाशी नेत असे. "काका, बघा ना जरा." काका बघत. बोटाने टोकरत. "पावसाळा गेला की सुकेल गं." पावसाळा गेला. मग मी फोटो काढून पाठवू लागले, सकाळचा एक, संध्याकाळचा एक, आजारी माणसाचं अंग मोजून कळवावं तसे. शेवटी एक दिवस काका स्वतःहून आले, चेहरा उजळलेला. "तू म्हणतेस ना, मग एक भिंत कशाला, सगळं घरच करून टाकू. खिडक्या, दारं, सगळं. तीस वर्षांत हात लावलेला नाही. नात आहे माझी ती, तिला काय ओलीत ठेवायचं?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच आलं होतं. मी म्हटलं, काका, मग आम्ही कुठे राहायचं? तर ते म्हणाले, "कुठे म्हणजे? इथेच. आधी हॉल आणि स्वयंपाकघर करतील, तुम्ही आत राहा. मग आतली खोली करतील, तुम्ही बाहेर या. आजवर माणसं काय घर सोडून रंग देतात?" मी मान हलवली. त्या मान हलवण्यापासूनच सगळं सुरू झालं असं मला आता वाटतं, पण तेव्हा दुसरं काय हलवणार होते मी?

रंगारी आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी पत्र्याने खिडकी खरवडायला घेतली. चकाकत्या पांढऱ्याखाली बदामी निघाला, बदामीखाली निळा, निळ्याखाली तो हिरवा, जाडजूड, लाकडाला धरून बसलेला. आमच्या आधी इथे राहून गेलेल्यांची घरं एकाखाली एक निघत होती. बदामीवाल्यांना मूल असणार, कारण चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा होत्या. त्या क्षणभर दिसल्या आणि घासायच्या मशीनखाली गेल्या. मी दारात उभी राहून बघत होते. आणि मला माझ्याच तोंडात एक चव आली, कितीतरी वर्षांपूर्वीची. लहानपणी आमच्या घराच्या खिडकीला गज होते, हिरव्याच रंगाचे. दुपारी आई निजली की मी खिडकीत बसत असे, गज गालाला लावून. थंड वाटायचा. रंगाला फोड यायचे, नखाने दाबले की टचकन फुटायचे, पापुद्रा निघायचा. मी तो दातांनी कुरतडायचे. गोड लागायचा. खरंच गोड, किंचित. आई म्हणायची, "काय उंदरासारखी कुरतडतेस, पोरी, लोखंड खाऊन पोट भरणार आहे का?" आणि हसायची. पुढे कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं तेव्हा एका तासाला बाई सहज सांगून गेल्या की जुन्या तेलरंगांत शिसं असायचं आणि शिशाचे क्षार चवीला गोड असतात. सगळा वर्ग लिहून घेत होता. मीही लिहून घेतलं. तेव्हा मला त्या गजाची आठवणसुद्धा झाली नाही. ती झाली ढब्बीच्या वेळी सातवा महिना लागल्यावर, बस थांब्यावर उभी असताना, कारण नसताना. शिसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं, हे मी वाचलं. आणि बाई पोटुशी राहिली, अंगावर पाजू लागली, की हाडं पोराला चुना देतात आणि चुन्याच्या बरोबर जे असेल तेही देतात. मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, आता लहानपणीचा गजही काढलास का उकरून.

रंगाऱ्यांचा मुकादम बोलका होता. कमरेला फडकं, कानावर अर्धी विझलेली विडी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ताई'. मी त्याला पहिल्याच दिवशी म्हटलं, "दादा, जुना रंग आहे, भिंत आणि लाकूड आधी ओलं करून घ्या ना. मग खरवडा. धूळ उडणार नाही." तो माझ्याकडे बघत राहिला, एखाद्याने पोहताना अंग भिजवू नका म्हणावं तसा. "ओलं केलं तर पॉलिश पेपर चिकटतो, ताई. मशीन तर चालतच नाही. करंट मारेल, मग मलाच पांढरं कापड घालावं लागेल." हाताखालचे दोघे हसले. "निदान मशीन नको, हाताने घासा." "हाताने घासलं तर तुमच्या बाळाच्या लग्नाला संपेल काम." पुन्हा हसणं. मी त्यांच्यासाठी चांगल्यापैकी मास्क आणले होते, जाड, पुढे जाळी असलेले. त्यांनी ते मनापासून घेतले, थँक्यू ताई म्हणाले. दुपारी पाहिलं तर एकाने तो कपाळावर चढवला होता, दुसऱ्याने त्यात खिळे ठेवले होते. "गुदमरायला होतं, ताई. श्वासच घेता येत नाही." मी म्हटलं, अहो, म्हणूनच लावायचा. पण माझ्या आवाजात जोर नव्हता, कारण मी स्वतः तोच मास्क लावून बघितला होता आणि ढब्बी मला बघून किंचाळली होती. औषधाच्या दुकानात मी बाळासाठी विचारलं तर दुकानदार म्हणाला, इतक्या लहानाला मास्क लावायचाच नसतो, जीव जाईल. तिच्या मापाचा कोणी बनवतच नाही. पाणी मी उकळत होते, बाटली उकळत होते, तिची खेळणी, तिचा चमचा. हवा कशी उकळायची?

म्हणून मी ही खोली केली. आमची आतली खोली, तिला जोडून न्हाणीघर, न्हाणीघराच्या भिंतीत वर बसवलेला हवा बाहेर फेकणारा पंखा. खोलीची एकुलती खिडकी गॅलरीत उघडते आणि गॅलरीत मुकादमाने रंगाचे डबे, थिनरचे कॅन आणि ब्रश धुवायची बादली मांडली होती. तो वास डोळ्यांत पाणी आणायचा. खिडकी मी बंद केली, तिच्या कडांना पट्टी लावली. दाराखाली टॉवेल. तो सुकू लागला की पुन्हा भिजवायचा, पिळायचा, ठासायचा. आणि न्हाणीघराचं दार उघडं ठेवून तो पंखा दिवसभर चालू. आतला वास बाहेर जाईल, हा हिशेब. नवरा कामावरून आला की दारावर टकटक करून विचारायचा, "पाणबुडीत प्रवेश मिळेल का?" कपडे बाहेर जिन्यात झटकून, हातपाय धुऊन मगच मी त्याला आत घेत असे. त्याला कौतुकच होतं तसं. त्याच्या बहिणीला फोनवर सांगत होता, "अगं, हिने सील केलंय सगळं. मुंगी शिरणार नाही." आणि मला बरं वाटायचं. बाहेर मशीन घरघरत असायचं, आत ढब्बी झोपलेली, अंधुक उजेड, पंख्याची एकसुरी गुणगुण. दाराच्या कडेतून एक बारीक शिट्टी यायची, सुईएवढी. ढब्बीला ती आवडायची. शिट्टी सुरू झाली की तिच्या पापण्या जड व्हायच्या. मी मनात म्हणायचे, असू दे, एवढा एक तरी आवाज आपल्या बाजूचा आहे.

रेघ बोटावर घेऊन मी नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये असणार हे माहीत होतं. "बोल पटकन." मी म्हटलं, अरे, ढब्बीच्या कानामागे रंगाची धूळ आहे. "मग पूस." पुसली. "मग?" मी म्हटलं, आत आली म्हणजे श्वासातही गेली असणार, तोंडातही, ती सगळं तोंडात घालते. त्याच्या मागे कोणीतरी आकडे वाचत होतं. मग तो सौम्यपणे, फार सौम्यपणे म्हणाला, "हे बघ, थोडेच दिवस राहिलेत. ताईकडे जातेस का?" ताईकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे, तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांची खाट हॉलमध्ये, लघवीची पिशवी खाटेला टांगलेली, हे त्यालाही माहीत होतं. माझी आई भावाकडे, भावजय बाळंतपणाला टेकलेली. हॉटेलचा विषय मी आधीच एकदा काढला होता आणि तो हसला होता, वाईट अर्थाने नव्हे. मी म्हटलं, बघते. "आणि प्लीज, ते वाचत बसू नकोस गं फोनवर. वाचून वाचून तुला सगळीकडे तेच दिसतं." मी बोटाकडे बघितलं. मला एकाच ठिकाणी दिसत होतं, पण दिसत होतं.

मग काकांना फोन. काका म्हणाले, "अगं वेडे, माझी दोन्ही मुलं त्याच खिडकीला लोंबकळून मोठी झाली. एक इंजिनिअर झाला. काही झालं नाही कोणाला." दुसऱ्याचं काय झालं हे विचारायची मला हिंमत झाली नाही. म्हटलं, काका, दिवसाचं तुमच्याकडे येऊन बसू का? "खुशाल ये! विचारायचं काय त्यात? काकूला आनंदच होईल. फक्त आमचंही घर आत्ताच झालंय, पॉलिश अजून वाळायचंय, वास आहे थोडा. पण ये तू." मी हो म्हटलं, येते म्हटलं, थँक्यू म्हटलं. फोन ठेवला आणि ढब्बीचं झबलं घालायला घेतलं तर झबल्यातूनही, उन्हाच्या तिरिपीत, काहीतरी उडालं.

टॉवेल सुकला होता. भिजवायला म्हणून मी तो दाराखालून ओढला. बाहेरची बाजू मळलेली असणार, ती असायचीच. पण आतली बाजूही, माझ्या बाजूची, हिरवट-पांढरी झाली होती, आणि फरशीवर दारापासून आत घडीचा पंखा उघडावा तशी पसरलेली पुसट छटा होती, जी मी रोज ओल्या फडक्याने पुसत होते आणि माझ्याच पावडरची समजत होते. टॉवेलाचा एक दोरा सुटून दाराच्या कडेला अडकला होता. तो लोंबत नव्हता. तो आडवा होता. आत, खोलीकडे, माझ्याकडे ताठ बोट करून थरथरत होता. शिट्टी चालू होती. मी गुडघ्यांवर बसून त्या दोऱ्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मग उठले, न्हाणीघरात गेले आणि पंखा बंद केला. शिट्टी थांबली. दोरा खाली पडला. पुन्हा चालू केला. शिट्टी. दोरा आडवा. लहान पोराने दिव्याचं बटण दाबत राहावं तशी मी ते करत राहिले, चालू, बंद, चालू, बंद, आणि ढब्बी पलंगावरून माझ्या येण्याजाण्यावर खूश होऊन पाय झाडत होती. पंखा खोलीतली हवा बाहेर फेकत होता. फेकलेल्या हवेच्या जागी हवा कुठून तरी येणारच. खिडकी मी बंद केलेली, कडा मी चिकटवलेल्या. उरली ती दाराखालची फट आणि दाराची उघडती कड, आणि त्यांच्या पलीकडे हॉल, मशीन, हिरवा रंग. मी दिवसभर, रोज, बटण दाबून तो हॉल माझ्या लेकीच्या खोलीत ओढून घेत होते. खिडकी सताड उघडी ठेवून कुठेतरी निजवली असती तर तिला याहून कमी लागलं असतं. पंखा असायला हवा होता तो हॉलमध्ये. हे कळायला रसायनशास्त्रही लागत नाही. मला रडू आलं नाही. जिभेवर पुन्हा ती गोडसर चव आली, जी आता आठवणीतली की आत्ताची हे मला सांगता येईना.

मी कपाटातून कपडे काढले, झटकले, ठेवून दिले, दुसरे काढले. कपाट दाराच्या बाजूलाच. सगळं तसंच असणार. मग ढब्बीला नुसत्या लंगोटात, फडताळाच्या तळातल्या एका घडी न मोडलेल्या चादरीत गुंडाळलं, हॉलमधून श्वास रोखून निघाले. मुकादम म्हणाला, "फिरायला का, ताई? जा जा. आम्हीपण मोकळे." पांढऱ्या धुळीत त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि मला अचानक त्याच्या घरी कोण असेल, कोण त्याच्या गळ्यात पडत असेल, असं वाटलं. विचारलं नाही. माझ्या अंगात दुसऱ्या कोणासाठी काळजी उरली नव्हती.

रस्त्यावर ऊन होतं. हवा वाहत होती, मोटारींची, तळणाची, गटाराची, तरी मी ती अधाशासारखी घेतली. पण ढब्बीने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि सवयीने माझ्या कुर्त्याची शिवण चघळू लागली. मी तिला दूर धरलं, हातभर, जसं भिजलेलं मांजर धरतात. ती चकित झाली. मग रडू लागली. भुकेची वेळ. बागेतल्या बाकावर बसले, बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, छाती पुसली, पुन्हा पुसली, कुर्ता बाजूला धरून ठेवला. माझे केसही होते, त्यांचं काय करणार होते? केसांतून काय गळत असेल? ती दूध ओढू लागली आणि मी माझ्याच कडेवर, माझ्याच कुशीत तिच्यासाठी सुरक्षित अशी बोटभर जागा शोधत होते. बाजूच्या बाकावर एक आजी होती, अनोळखी. म्हणाली, "पहिलं का गं?" मी हो म्हटलं. "म्हणून. दुसऱ्याला इतकं कोणी पुसत नाही." आणि मिश्कील हसली. मीही हसले. तिला काय सांगणार, की आजी, मी हिला विषाचा पुरवठा करत होते, पंखा लावून.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ढब्बीची छाती ऐकली, घसा पाहिला, नखं पाहिली. थकलेल्या होत्या, बाहेर रांग होती. सगळं मी एका दमात सांगितलं, पंख्यासकट. पंख्याचं सांगताना त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "छाती ठीक वाटतेय. पण रक्त तपासू. शिशाचं बाहेरून काही दिसत नाही, लगेच तर नाहीच. आणि काम चालू असताना मूल त्या घरात नको. अजिबात नको." मी म्हटलं, मग कुठे, डॉक्टर? त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "ते मी कसं सांगू?" त्या चिडून बोलल्या नाहीत. खरंच त्यांना माहीत नव्हतं. एवढ्या शिकलेल्या, भिंतीवर एवढ्या पदव्या, आणि आम्ही दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिलो, रस्ता चुकलेल्या दोन बायका बघतात तशा. आतल्या खोलीत नर्सने ढब्बीच्या कोपराच्या वळीत शीर शोधायला घेतली. बाळसं आडवं येत होतं. "घट्ट धरा, आई. हलू देऊ नका. तुम्ही सैल सोडलं तर पुन्हा टोचावं लागेल." मी धरलं. ढब्बीचा दंड माझ्या मुठीत होता, गरम, लोण्यासारखा, आणि तो सुटू पाहत होता, आणि मी तो सुटू देत नव्हते. सुई गेली तेव्हा ती नर्सकडे बघून रडली नाही. माझ्याकडे बघून रडली. हाक मारता येत नव्हती तिला अजून, पण ती हाकच होती. आणि ती ज्या बाईला मारत होती तीच तिला धरून बसली होती. "नमुना बाहेर पाठवावा लागतो," नर्स कापूस दाबत म्हणाली. "पुढच्या आठवड्यात चौकशी करा." मी विचारलं, तोवर काय करायचं? "तोवर काही नाही," ती म्हणाली. "हात धूत राहा."

परत जायचं नव्हतं. तरी संध्याकाळी परतले, कारण दूध प्यायलेलं मूल, ओला लंगोट, एक चादर, एवढ्यावर माणूस किती वेळ बाहेर राहील? रस्ताभर मी बेत रचला. बेत साधा होता. पंखा उचकटून हॉलमध्ये लावायला सांगायचा, गॅलरीतले डबे गच्चीवर न्यायला लावायचे, खिडकी उघडायची, आतली खोली वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्याने पुसायची, गादी-उशा धुवायच्या, आणि दार असं बंद करायचं की या वेळी खरंच बंद होईल. एक खोली. बाकी घर त्यांचं, एक खोली माझी. ती करताना मी चुकले होते, पण आता चूक कळली होती, आणि कळलेली चूक दुरुस्त करता येते. जिना चढताना माझ्यात जरा धुगधुगी आली होती. मशीनचा आवाज येत नव्हता. दार उघडंच होतं. हॉलमध्ये काका-काकू होते, हातात हात घेऊन एखाद्या समारंभाला आल्यासारखे, आणि मागे मुकादम अंग झटकत उभा.

"आलीस? बघ, बघ," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच उजळला होता. "तू बाहेर गेलीस म्हटल्यावर मी म्हटलं, चला, पोरीला आणखी त्रास नको. माणसं वाढवून लावली. आतली खोलीही खरवडून, घासून घेतली. एका दिवसात! नाहीतर तुमचं पुन्हा बिऱ्हाड हलवा, आत-बाहेर करा. तुझ्या नवऱ्याला फोन केला होता मी, विचारल्याशिवाय कसं करणार? तो म्हणाला, उरकून टाका काका, तीही सुटेल एकदाची."

खोलीचं दार काढून भिंतीला टेकवलं होतं, नागडं, हिरव्या-बदामी डागांचं. आत भिंतींवर भेगा बुजवायच्या लांबीचे ओले पांढरे पट्टे. पलंग मधोमध ओढलेला, त्यावर वर्तमानपत्रं अंथरलेली, वर्तमानपत्रांवर धूळ इतकी की अक्षरं दिसत नव्हती. ढब्बीची गादी कोपऱ्यात उभी केलेली, तशीच, उघडी. दोरीवर सकाळी वाळत घातलेले तिचे लंगोट, झबली, कुंची. कोणीतरी खिडकी उघडली होती, आणि थिनरचा वास आत येऊन आता जणू इथलाच झाला होता.

"बोल की काहीतरी," काकू म्हणाल्या. "सकाळपासून उभे आहेत हे, जेवलेसुद्धा नाहीत. तुला दाखवायची घाई."

मुकादम हसून म्हणाला, "मशीनच लावलं आतपण, ताई. तुमच्या बाळाच्या लग्नाआधी संपलं की नाही?"

ढब्बी शिंकली. दोनदा. सगळे हसले. "बघा, तिचीही पसंती," काका म्हणाले, आणि त्यांनी तिच्या गालाला हात लावला, प्रेमाने, नेहमीसारखा, आणि त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे तिच्या गालावर उमटले. मला ते पुसायचे होते. ते समोर उभे असताना, सगळे बघत असताना, त्यांचा हात लागलेला गाल मी कसा पुसणार? माझ्या तोंडात शब्द होते, सकाळपासून गोळा केलेले, शिसं, पंखा, फट, रक्त. त्यातला एकही पुढे आला नाही.

"छान झालंय, काका," मी म्हणाले. "खूप छान."